टाक्यातला गाळ काढण्याआधी भर पावसात एकदा गड फिरा

गडावरच्या श्रमदानाचा हंगाम आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. वाटा कोरड्या असतात, टाक्यांतलं पाणी उतरलेलं असतं, कॉलेजच्या मुलांना सुट्ट्या असतात. सगळं सोयीचं. अडचण एकच, की गड ज्याच्यामुळे ढासळतो ते पाणी या सात-आठ महिन्यांत दिसतच नाही. टाकं गाळानं का भरलं, तटाला पोट का आलं, पायऱ्यांखालची माती कुठे गेली, हे सगळं जुलैत उघड्यावर चालू असतं आणि तेव्हा बघायला कोणी नसतं. मग जानेवारीत पन्नास जण जाऊन टाकं उपसतात आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत ते परत भरतं.

म्हणून कोणत्याही गडावर कामाला हात घालण्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये एक फेरी करायची. तीन-चार जण पुरेत, अवजारं नकोत. प्लास्टिकच्या पिशवीत गडाचा नकाशा, शिसपेन्सिल (पेनाची शाई पसरते), तीस मीटरचा टेप, शिटी. तटाच्या कडेवर आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर चढायचं नाही. सर ओसरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे दिसतं ते नकाशावर टिपायचं: पाणी कुठून कुठे वाहतंय, कुठे नितळ आहे आणि कुठे लाल-गढूळ, कोणतं टाकं कोणत्या कडेनं भरून वाहतंय, तटातल्या कोणत्या पन्हळी (पाणी बाहेर जायच्या दगडी नाळी) चालू आहेत. भर पावसात एखादी पन्हळ कोरडी दिसली की समजायचं, ती आतून बुजलीय आणि तिच्या वाट्याचं पाणी भिंतीच्या पोटात मुरतंय.

थोडा हिशोब मांडला की हे पाणी केवढं असतं ते कळतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल टाक्यात 36 हजार लिटर मावतात. त्याच्या वरच्या अंगाला 200 चौरस मीटरचा उतरता कातळ असेल, आणि तीस टक्के पाणी इकडेतिकडे गेलं असं धरलं, तरी दर मिलिमीटरला 140 लिटर टाक्यात येतात. म्हणजे साधारण 260 मिलिमीटर पावसात टाकं काठोकाठ. घाटमाथ्यावर पाऊस रुळला की एवढा पडायला फार दिवस लागत नाहीत. उरलेला सगळा पावसाळा ते टाकं नुसतं ओसंडत असतं. तेव्हा टाक्यात किती मावतं याच्यापेक्षा जास्तीचं पाणी कुठून जातं हा मोठा प्रश्न आहे. सांडव्याची खाच बुजली असेल तर ते पाणी पायवाट धरतं, पायवाटेची माती उचलतं आणि खालच्या टाक्यात नेऊन टाकतं. वरच्या टाक्याच्या दुखण्याचं औषध बरेचदा खालच्या टाक्याला दिलं जातं.

कातळात कोरलेल्या टाक्यांच्या वरच्या अंगाला नीट पाहिलं तर चार बोटं रुंदीचे, उथळ कोरीव चर सापडतात. कातळावरचं स्वच्छ पाणी टाक्यात आणायचं किंवा मातीचं पाणी टाक्याला वळसा घालून बाहेर काढायचं, यासाठी ते केलेले असतात. गवत आणि मातीनं भरले की ते दिसेनासे होतात. दोन माणसं, दोन खुरपी, एक खराटा आणि दीड-दोन तास, एवढ्यात एक चर मोकळा होतो. याचा फोटो काही भारी येत नाही, त्यामुळे हे काम मोहिमेच्या यादीत शेवटी असतं. आमच्या मते ते पहिलं असावं.

आता परवानगी. गड कोणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधायचं. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हे अकरा, बारावा तमिळनाडूतला जिंजी. कितीतरी गड कुणाच्याच संरक्षित यादीत नाहीत. तिथली जमीन बहुधा वनखात्याची असते, कधी महसूलची, कधी खासगी. वासोट्यासारखा गड तर कोयना अभयारण्यातच आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. अर्जात जागा, तारखा, माणसं, अवजारं आणि नेमकं काम लिहायचं. ‘स्वच्छता’ एवढंच लिहून परवानगी मिळाली तर ती केरकचरा आणि झुडपांपुरती धरायची. टाक्यातला गाळ हा पुरातत्त्वाच्या नजरेनं थर असतो आणि तो उपसणं उत्खननाच्या फार जवळ जातं. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केली तर 1958 च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हेतू चांगला होता, ही सबब त्यात बसत नाही. ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं ते वेगळं. ते कायद्यासाठी नव्हे. त्या टाक्याचं पाणी कोण पितं हे गावाला माहीत असतं म्हणून.

गाळ काढायला मार्चअखेर ते एप्रिल ठीक. मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करू नका. वळवाची एक सर आली की काठावर टाकलेला ढीग परत आत जातो, तोही सैल होऊन. जोडटाकी असतील तर यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरं. बेडूक, खेकडे, कासवं, पाणकिडे यांना परत यायला शेजारी घर उरलं पाहिजे. उन्हाळ्यात गडावर गुरं आणि वन्यप्राणी ज्या एका टाक्यावर येतात, ते त्या हंगामात सोडून द्यायचं.

आधी वर तरंगणारा कचरा जाळीनं काढायचा. मग पाणी. पेट्रोलवरचा छोटा पंप जास्तीत जास्त सहा-सात मीटर खोलीवरून पाणी ओढतो. गडाच्या उंचीवर त्याहून थोडं कमीच. पाईपच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी बांधायचं, नाहीतर बेडकांची पिल्लं थेट पंख्यात जातात. पंप पत्र्याच्या ताटात ठेवायचा, म्हणजे पेट्रोल कातळावर सांडून पाण्यात उतरत नाही. आणि पंप काठावरच ठेवायचा. खांबटाक्याच्या (कातळात आत कोरलेल्या, खांबांवर छत पेललेल्या टाक्याच्या) आत, सावली आहे म्हणून, कधीही नाही. बुटक्या छताखाली इंजिनाचा धूर साठतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुजलेल्या गाळातून येणारा वायू वेगळा. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नये. बंद टाकं आदल्या दिवशी उपसून रात्रभर उघडं ठेवायचं, आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि दोराचं टोक धरून बाहेर एक माणूस बसलेला, ज्याला दुसरं कोणतंही काम दिलेलं नाही. खांबटाक्यात वटवाघळं लटकलेली दिसली तर ते टाकं राहू द्या.

पाणी काढल्यावर एक दिवस थांबलं की गाळ आवळतो आणि फावड्यानं कापता येतो. वरच्याच मापाच्या टाक्यात एक मीटर गाळ असेल तर तो 12 घनमीटर भरतो. ओला गाळ घनमीटरला दीड टनाच्या वर, म्हणजे सगळा मिळून वीस टनांच्या आसपास. काठोकाठ भरलेलं घमेलं अकरा-बारा लिटरचं, वजन सतरा-अठरा किलो. पहिल्या तासाला सगळे असंच भरतात, दुसऱ्या तासाला साखळी तुटायला लागते. घमेलं अर्धंच भरायचं. मग अंदाजे 2200 घमेली होतात. वीस-बावीस जणांची साखळी मिनिटाला चार घमेली नीट सरकवते, म्हणजे नऊ तासांचं काम: सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा, असे दोन दिवस. दुपारी कातळ तापतो तेव्हा काम नाही. माणशी पाच लिटर पिण्याचं पाणी खालून न्यायचं. ज्या गडावर पाणी साफ करायला गेलो तिथलंच पाणी संपवणं शोभत नाही. साखळी दुहेरी: एकीतून भरलेली वर, दुसरीतून रिकामी खाली. आत चारच माणसं. दोन मीटरहून खोल टाक्यावर बांबूची तिकाटी, कप्पी आणि दोरखंड लावून बादल्या ओढायच्या. उतरत्या शिडीवर घमेली देत बसायचं नाही.

गाळ सगळा सारखा नसतो. वरचे हात-दोन हात प्लास्टिक, काचा, पालापाचोळा. त्याखाली चिकट काळा गाळ. त्याखाली पडलेल्या काठाचे, कधी इमारतीचे दगड, विटा, कौलं, खापरं. खापरं लागायला लागली की फावडी बाहेर. इथून पुढे पुरातत्त्व खात्याचा माणूस हजर असेल तरच हात लावायचा. तोफगोळा, नाणं, कोरीव दगड दिसला तर जागेवरच शेजारी पट्टी ठेवून फोटो, काठापासून खोलीचं माप, आणि काम बंद. नाणं घासून ‘बघू कोणाचं आहे’ हा मोह आवरा. त्यावरचा हिरवा-काळा थर खरवडला की अक्षरंही जातात. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये तेव्हाचे आहेत, पण आकडा तोच आहे.

तळाची शेवटची चार बोटं सोडायची. टाक्याचा तळ काळा कातळ असला तरी त्याला बारीक चिरा असतात आणि वर्षानुवर्षं बसलेली चिकणमाती त्या बुजवून ठेवते. पहारीनं तळ खरवडून लखलखीत केला की फोटो सुंदर येतो आणि जे टाकं मेपर्यंत टिकायचं ते फेब्रुवारीत कोरडं पडतं. चुन्याचा गिलावा असलेल्या भिंतींनाही हाच नियम: हातानं नारळाच्या काथ्यानं निघेल तेवढंच काढायचं. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. ब्लीचिंग पावडरही नाही. टाक्यात जे जगतं ते तिनं मरतं.

काढलेला गाळ कड्यावरून खाली लोटणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. खाली पायवाट असते, कधी वाडी असते, आणि कड्यावर जे उगवतं ते दुसरीकडे कुठेच उगवत नाही. शिवनेरीच्या आणि सह्याद्रीतल्या इतर थोड्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल पानांची वनस्पती आहे. शिवनेरीवरून तिला शिवसुमन हेही नाव पडलंय. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला गडद किरमिजी, पाच टोकांचं, तारेसारखं फूल येतं, मध्ये पिवळी नक्षी. जगात ती फक्त महाराष्ट्रातल्या अशा मोजक्या कड्यांवर आहे. कातळाच्या खाचेत मूठभर मातीवर ती जगते. वरून दहा घमेली गाळ पडला की खाच भरते आणि गवत तिची जागा घेतं. तेव्हा प्लास्टिक वेगळं करून पोत्यांत खाली, आणि माती गडावरच्याच झिजलेल्या पायवाटेच्या भेगांत किंवा खात्यानं दाखवलेल्या खोलगट जागी, टाक्यांच्या उताराच्या बाहेर. चांगल्या गाळाची पोती भरून पायवाटेच्या कडेला आडवी लावली तर गढूळ पाणी टाक्याकडे वळायचं थांबतं. बांध घालायला पडलेले घडीव दगड मात्र वापरायचे नाहीत. ते जिथे पडलेत, ज्या क्रमानं पडलेत, त्यावरून भिंत कशी होती ते कळतं. त्यांचे ओटे, बाकं आणि शेकोटीच्या चुली होताना आपण सगळ्यांनीच पाहिल्यात.

तटाकडे वळू. बहुतेक तटबंदी म्हणजे आतून-बाहेरून दगडांच्या दोन भिंती आणि मध्ये दगडगोटे, माती, चुना यांचा भराव. वर चालायची फांजी. फांजीवरचं पाणी पन्हळींतून बाहेर जायला हवं. पन्हळ बुजली की पाणी भरावात उतरतं, बारीक माती सांध्यांतून धुऊन नेतं, आत पोकळी होते, भराव खाली बसतो आणि बाहेरच्या भिंतीला रेटतो. गवंडी म्हणतात भिंतीला पोट आलं. मग एखाद्या ऑगस्टमध्ये ते फुटतं. म्हणून तटाचं काम वरून सुरू करायचं. समोरून झाडं कापत सुटणं नंतर.

फांजीवर फरसबंदी किंवा चुन्याचा कोबा शाबूत असेल तिथे साचलेली माती खुरप्यानं काढा. जिथे फरसबंदी गेलीय आणि भराव उघडा आहे, तिथलं गवत उपटू नका. त्या मुळ्यांनीच भराव धरलेला असतो. विळ्यानं वरून कापलं तरी पुरे. पन्हळ साफ करताना आतल्या तोंडातून बांबू घालायचा. लोखंडी पहार घातली की आतला दगड सरकतो आणि मग तो बाहेर काढायला हात पोचत नाही. बांबू आरपार गेला की एक बादली पाणी हळूहळू ओतायचं आणि दुसऱ्यानं बाहेरच्या बाजूला सुरक्षित जागेवरून बघायचं. पाणी बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर दुसरी बादली ओतायची नाही! ती भिंतीतच चाललीय. त्या पन्हळीला क्रमांक द्या, फोटो काढा, अभियंत्याला कळवा.

पोट वाढतंय की जुनंच आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडायचा आणि दर अर्ध्या मीटरवर दोरीपासून भिंतीचं अंतर मोजून वहीत लिहायचं. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चुन्यात बसवून तारीख टाकली तर भिंत हलली की ती तडकते. दोन मापांत फरक पडला तर भिंतीच्या उंचीइतकी तरी जागा सोडून दोर बांधायचा आणि त्या पट्ट्यात कुणी जेवायला बसणार नाही हे बघायचं. सावली नेमकी तिथेच असते.

तटावरची झाडं म्हणजे मुख्यतः वड, पिंपळ, उंबर, पायर. फळं पक्षी आणि वटवाघळं खातात, बिया सांध्यात पडतात, चुना त्यांना मानवतो. पेन्सिलीएवढं रोप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सांधे ओले असताना, बुडाशी धरून हळूहळू पिळत ओढलं तर मुळासकट येतं. त्याच रोपाला डिसेंबरमध्ये हात लावला तर शेंडा हातात राहतो आणि मूळ आत. मनगटाएवढ्या झाडाला नुसता कोयता मारणं सगळ्यात वाईट: पुढच्या वर्षी एकाच्या जागी सहा फुटवे येतात आणि आतली मुळं जाड होत राहतात. कापल्याबरोबर, पाच-दहा मिनिटांच्या आत, ताज्या कापावर तणनाशक लावावं लागतं. उशीर झाला की काप बंद होतो आणि औषध आत जात नाही. पण ते आपण करायचं नाही. 2022 मध्ये केंद्रानं ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. शिवाय खाली टाकं असेल तर ते लावायचंच नाही. यावर घरगुती उपाय म्हणून मीठ, ॲसिड, जळकं ऑइल सुचवलं जातं. ॲसिड झाडाच्या आधी चुना खातं, आणि मीठ दगडात मुरून सुकताना फुगतं, त्यानं दगडाचे पापुद्रे सुटतात. हिंग भरायचा उपाय गावोगाव सांगतात. वडा-पिंपळाच्या बाबतीत आम्ही त्यावर विसंबत नाही.

मांडीएवढ्या झाडाला श्रमदानात हात लावू नये. बहुतेक वेळा भिंतीनं झाड धरलेलं नसतं, झाडानं भिंत धरलेली असते. ते मारलं तर तीन-चार वर्षांत मुळं कुजतात, त्यांच्या जागी बोगदे राहतात, आणि ते चुन्याच्या पातळ रबडीनं भरायची सोय आधी केलेली नसेल तर भिंत बसते. तोवर एक गोष्ट खात्याला विचारून करता येते: मेमध्ये फांद्या हलक्या करणं. वाऱ्यात डोलणारा डेरा भिंतीला तरफेसारखा हलवत असतो. फांद्या दोर बांधून तुकड्या-तुकड्यानं उतरवायच्या, खाली ओढून पाडायच्या नाहीत.

सिमेंटबद्दल थोडक्यात. चुन्याची भिंत पाणी पिते आणि सांध्यातून परत सोडते. सिमेंटनं सांधे भरले की पाणी आत अडकतं, क्षारांसकट दगडातून वाट काढतं आणि दगडाचा दर्शनी भाग सोलून टाकतं. जांभ्यात तर हे फार लवकर दिसतं. चुन्याचं काम खात्याच्या देखरेखीखाली जाणता गवंडी करतो. आपण वाळू चाळायची, पाणी आणायचं, पोती ओली ठेवायची. एक भाग चुना, त्याला वाळू आणि विटांची भुकटी मिळून दोन ते तीन भाग, असं साधारण मिश्रण. नेमकं प्रमाण जुन्या चुन्याचा नमुना पाहून ठरतं. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी जुन्या पद्धतीत घालतात. कळीचा चुना विरवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. ते उकळून उडतं आणि डोळा जातो. गॉगल आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली हवीच. जलदुर्गांवर पुळणीची वाळू हाताशी असते, पण तिच्यात मीठ असतं, ती न धुता वापरली तर वरचंच मिठाचं दुखणं आपण पैसे मोजून भिंतीत भरतो. भरलेले सांधे पंधरा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम, कारण चुना सावकाश सुकला तरच धरतो.

आणि झाडं लावणं. गडमाथ्यावर खड्डे मारून रोपं लावायची हौस प्रत्येक मोहिमेत कुणाला ना कुणाला येते. माथ्यावरचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ, ओसाड दिसतो तो उन्हाळ्यात. पावसात त्याच बोटभर मातीत सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, कंदीलपुष्पं, जमिनीवरची ऑर्किडं उगवतात आणि सावली झाली की संपतात. खड्डा पुरातत्त्वीय थरातून जातो ते निराळंच, आणि खड्ड्याची उकरलेली माती पहिल्या पावसात कुठे जाते? टाक्यात. उतारावरची कारवीही तोडू नये. सात वर्षांनी फुलून मरते म्हणून मधल्या वर्षांत ती काही निरुपयोगी नसते, माती तिनंच धरलेली असते. हात साफ करायचे असतील तर घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून येऊन माजलेल्या झुडपांवर करा. घाणेरी वरून कापली तर झुडूप दाट होतं. मुख्य मूळ जमिनीच्या तीन-चार सेंटिमीटर खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून तिथेच वाळवायचं, मुळं आकाशाकडे. तटावर आणि जोत्यांवर मात्र खणायचं नाही, तिथे फुलं यायच्या आत कापत राहायचं.

लांब चोचीची गिधाडं नोव्हेंबर ते मार्च कड्यावर घरटी करतात. पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले की त्या बाजूला दोर सोडून काम, ड्रोन आणि घोषणा, तिन्ही बंद. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर, ढोल नको. उठलंच तर हात न झाडता तोंड झाकून लांब पळायचं. दगड उलटताना पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खालून फुरसं निघालं तर ते समोरच्या दिशेनं जातं. सर्पदंशावरची लस कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. फलकावर लिहिलेली असते आणि फ्रिजमध्ये नसते, असं होऊ शकतं.

काम संपल्यावर वहीत घमेल्यांची संख्या, माणसं, तास, गाळाची सुरुवातीची आणि शेवटची पातळी, पन्हळींचे क्रमांक, ओळंब्याची मापं. टाक्याच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर महिन्याला कुणीतरी मोजायला हवं. गावातला, रोज गडावर जाणारा माणूस सापडला तर उत्तम, आणि त्याला त्याचे पैसे द्या. मग जुलैत, तोच नकाशा पिशवीत घालून, तीच तीन-चार माणसं परत वर. मागच्या वर्षी कोरड्या होत्या त्या पन्हळी वाहतायत का, आणि टाक्यात उतरणारं पाणी लाल आहे की नितळ, तेवढं बघून यायचं.